नाशिकला पोरींची प्रोफेशनल फुटबॉल टीम काढायची म्हणजे नेमकं काय काय लागतं

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला आणि तेव्हापासून नाशिकमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा, कोणीतरी म्हणतंच की आता पोरींच्या खेळात पैसा आहे, आपण पण काहीतरी काढू. फुटबॉलवाले तर त्याच्याही आधीपासून हवेत आहेत, कारण ५ जुलै २०२५ ला भारताच्या महिला टीमने थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि क्वालिफायर जिंकून एशियन कपला जायची ही पहिलीच वेळ. मग साहजिकच प्रश्न येतो, नाशिकची स्वतःची टीम का नाही?

येऊ शकते. पण टीम काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. नाव, लोगो, जर्सी, हॉटेलमध्ये उद्घाटन, पालकमंत्री, हारतुरे, हे सगळं एका महिन्यात होतं. टीम बंद पडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि बंद पडते ती पोरी कमी पडल्या म्हणून किंवा लोकांना आवडलं नाही म्हणून नाही, तर ज्या महिन्यांत मॅचच नसतात त्या महिन्यांचा पगार कुठून द्यायचा हे कोणी आधी ठरवलेलंच नसतं म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा सगळा लेख त्याचाच हिशोब.

आपल्याकडे बहुतेक टीम कशा चालतात बघा. टुर्नामेंट लागली की कोच फोन फिरवायला घेतो, पंधरा-वीस दिवस प्रॅक्टिस, जर्सी छापायची, जायचं, खेळायचं, आल्यावर सगळ्या आपापल्या घरी, कोणाला पगार वगैरे काही नाही, प्रवास आणि जेवण निघालं तरी खूप. महिलांची राष्ट्रीय लीग म्हणजे इंडियन विमेन्स लीग (आयडब्ल्यूएल), ती पण सुरुवातीला जवळपास अशीच होती. पहिल्या सीझनचा मुख्य राउंड २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीत झाला, सहा टीम एकाच गावात आणल्या आणि अडीच-तीन आठवड्यांत खेळ खल्लास, मणिपूरची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकली. आता तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी वर्षभराचा पगार कोण देणार? कोणीच नाही. २०२३-२४ ला पहिल्यांदा होम-अवे पद्धत आली, सात टीम, म्हणजे प्रत्येक टीमला १२ मॅच, सहा घरी आणि सहा बाहेर. २०२४-२५ ला आठ टीम होत्या, १४ मॅच, त्या वर्षी ईस्ट बंगाल चॅम्पियन झाली.

हे १४ मॅचचं प्रकरण नीट समजून घ्या कारण सगळं अर्थकारण इथेच अडकलंय. १४ मॅच म्हणजे घरच्या मैदानावर फक्त ७. आणि त्या २०२४-२५ मध्ये जानेवारी ते एप्रिलमध्येच आटोपल्या. बाकीचे आठ महिने प्लेयर काय करणार? जेवणार, राहणार, प्रॅक्टिस करणार, दुखापत झाली तर उपचार घेणार, म्हणजे खर्च बारा महिने आणि कमाईचे दिवस सात. इथल्या द्राक्षबागायतदाराला हे लगेच कळेल, मांडव आणि ड्रिप आधी, फवारण्या वर्षभर, आणि पैसा येतो तो सिझनच्या थोड्या दिवसांत, तोही आला तर.

आता आकड्यांवर येऊ. भारतीय फुटबॉल फेडरेशनने आधीच सांगून ठेवलंय की वरच्या लीगमधल्या क्लबनी किमान १० प्लेयरना वर्षाला कमीत कमी ३.२ लाखांचा करार द्यायला हवा. म्हणजे नुसते ३२ लाख इथेच गेले, आणि स्क्वाड असतो २५ चा, उरलेल्या १५ जणींना पण काहीतरी द्यावं लागेल. पुढचे आकडे मी अंदाजाने धरतोय, तुम्ही तुमचे धरा. २५ पोरींचं जेवण दिवसाला माणशी ३०० रुपये, दहा महिने म्हणजे ३०० दिवस, झाले साडेबावीस लाख, आणि हे ३०० रुपयांत अंडी-दूध-चिकन बसवून म्हणतोय जे आजच्या भावात अवघडच आहे. होस्टेलचं भाडं वेगळं. हेड कोच, असिस्टंट, गोलकीपिंग कोच, फिजिओ, मॅनेजर यांचे पगार वेगळे. बाहेरच्या ७ मॅचला बावीस-तेवीस लोकांचा प्रवास, आणि या लीगमधल्या टीम बंगाल, ओडिशा, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक अशा सगळीकडच्या, नाशिकरोडवरून हावड्याला ट्रेनने जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर, आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मॅच खेळायला लावाल तर पाय उचलणार नाहीत, म्हणजे आणखी एक दिवस हॉटेल.

जमेच्या बाजूला काय? ७ मॅच, प्रत्येकीला १५०० लोक, तिकीट १०० रुपये, सगळे पैसे भरून आले असं धरलं तरी साडेदहा लाख. जेवणाचा पण अर्धा खर्च निघत नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की तिकिटावर टीम चालवू, त्याला चहा पाजा आणि प्रेमाने घरी पाठवा.

मग बाहेरच्या देशात कसं चालतं? तिथे पण पहिल्या फटक्यात चाललं नाही, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत १९९९ च्या महिला वर्ल्डकप फायनलला कॅलिफोर्नियात रोझ बोलवर ९०,१८५ लोक आले, देशभर उन्माद, त्या जोरावर २००१ ला प्रोफेशनल लीग सुरू झाली आणि २००३ ला बंद पण पडली, तीनच सीझन. परत २००९ ला दुसरी लीग काढली, ती २०११ चा सीझन खेळून संपली. तिसरी, एनडब्ल्यूएसएल, २०१३ ला सुरू झाली आणि ती टिकली. का टिकली तर खर्च आधी आवळला, आणि सुरुवातीच्या वर्षांत नॅशनल टीमच्या प्लेयरचे पगार अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या फेडरेशननी स्वतः उचलले, क्लबच्या डोक्यावर टाकले नाहीत. वर्ल्डकपचा जोश दोन वर्षांत उतरतो, पगाराची तारीख मात्र दर महिन्याला येते, आणि आपण आत्ता नेमके त्यांच्या १९९९ च्या जागी उभे आहोत म्हणून मला हे उदाहरण सारखं आठवतं.

आज त्याच लीगमध्ये नवीन टीमला नुसता प्रवेश घ्यायचा तर किती पैसे लागतात माहितीये? डेन्व्हर शहराला २०२५ च्या जानेवारीत जागा मिळाली, फी ११ कोटी डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेनऊशे कोटी रुपयांच्या आसपास. डोळे पांढरे करू नका, आपल्या पोरींच्या क्रिकेट लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूपीएलमध्ये, मुंबईची टीम ९१२.९९ कोटींना गेली होती, हिशोब साधारण तोच आहे. ही फ्रँचायझी पद्धत, लीग बंदिस्त असते, ठरलेल्याच टीम, खाली पडायची भीती नाही, म्हणून मालक एवढे पैसे ओततो.

भारतातल्या महिला फुटबॉलमध्ये मुख्य रस्ता शिडीचा आहे. आधी जिल्हा आणि राज्य असोसिएशनकडे क्लबची नोंदणी, महाराष्ट्रात ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे विफाच म्हणतात. मग विफाची महिला लीग खेळायची, तिथे वर यायचं, मग आयडब्ल्यूएल २, म्हणजे राष्ट्रीय लीगची खालची पायरी, जी २०२४ पासून सुरू झाली, आणि तिथून वरची लीग. चढता येतं तसं उतरता पण येतं, आणि स्पॉन्सरला हे आधी सांगावं लागतं नाहीतर टीम खाली गेल्यावर त्याचा फोन लागत नाही. याचा फायदा पण आहे हां, पहिल्या दिवशी साडेनऊशे कोटी लागत नाहीत, थोडक्यात सुरू करता येतं. कोल्हापूरची एफसी कोल्हापूर सिटी अशीच पुढे जाऊन राष्ट्रीय लीग खेळून आली. पण कोल्हापूरकडे पेठा-तालमींचा फुटबॉल आहे, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी अशा तिथल्या टीमचं नाव काढलं की शाहू स्टेडियम भरतं, तिथला माणूस आपल्या पेठेसाठी भांडतो. नाशिकला फुटबॉलची तशी भावकी नाही, ती शून्यातून करावी लागेल.

पुण्याचं उदाहरण पण डोळ्यासमोर ठेवा. पुरुषांचं सांगतोय पण धडा तोच. पुणे एफसी २०१५ ला बंद, भारत एफसी एक सीझन खेळून २०१५ लाच बंद, डीएसके शिवाजियन्स २०१७ ला, एफसी पुणे सिटी २०१९ ला. पाच वर्षांत चार क्लब. यात पैसेवाले लोक होते, बालेवाडीसारखं स्टेडियम होतं, प्रेक्षक पण अगदीच नव्हते असं नाही. मालकाने हात काढला की क्लब जातो, कारण क्लब मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचा नव्हताच.

म्हणून पैसा तीन-चार ठिकाणांहून यायला हवा. नाशिकमध्ये लोक पहिलं नाव घेतात सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायच्या पैशांचं, अंबड-सातपूरला एवढ्या कंपन्या आहेत, २ टक्के देतीलच की. इथे एक पाचर आहे ती नीट ऐका. कंपनी कायद्याच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाला सीएसआर चालतो. पण जाहिरातीचा फायदा घ्यायला केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे जर्सीच्या छातीवर कंपनीचा लोगो हवा असेल तर ते पैसे मार्केटिंगच्या बजेटमधून, आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेत पोरींना फुटबॉल शिकवायचा असेल तर सीएसआरमधून. दोन वेगळ्या खिशांतले पैसे, दोन वेगळ्या लोकांना भेटावं लागतं, आणि बरेच जण एकच प्रेझेंटेशन घेऊन एचआरवाल्याकडे जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. यावर सरळ उपाय म्हणजे दोन संस्था ठेवायच्या, खालच्या वयोगटाच्या ट्रेनिंगसाठी ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी), आणि सीनियर टीमसाठी प्रायव्हेट लिमिटेड, हिशोब वेगळे, सीए चांगला बघा. ट्रस्टला सीएसआर घ्यायचा तर सीएसआर-१ ची नोंदणी लागते, तीही आधीच करून ठेवा, मार्च आला की कंपन्यांना घाई असते आणि आपले कागद नसतात.

जर्सीसाठी मी मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्याआधी पिंपळगाव-ओझर पट्ट्यातले द्राक्ष एक्स्पोर्टर, कॉलेज रोडचे क्लासवाले, शहरातले बिल्डर आणि सराफ यांच्याकडे जाईन. दहा जणांनी ५-५ लाख दिले आणि त्यातले दोघे पळाले तरी टीम जिवंत राहते, एकानेच ५० लाख दिले आणि तो पळाला की संपलं. करार मात्र तीन वर्षांचाच करा, एक वर्षाचा स्पॉन्सर हा पाहुणा असतो. लॉस एंजेलिसच्या एंजल सिटी क्लबने एक चांगली आयडिया काढली, स्पॉन्सरशिपच्या पैशांतला १० टक्के भाग शहरातल्या समाजकामाला लावायचा आणि स्पॉन्सरला त्यात सोबत घ्यायचं. नाशिकमध्ये एखाद्या एक्स्पोर्टरला सांगता येईल की तुमच्या ५ लाखांतले ५० हजार तुमच्याच गावच्या शाळेच्या ग्राऊंडला जाणार, मग तो नाही म्हणताना दोनदा विचार करेल.

पोरी कुठून आणायच्या? हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मला तो सगळ्यात कमी काळजीचा वाटतो. सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या एशियन गेम्सला १०,००० मीटरमध्ये सिल्व्हर, धावपटू संजीवनी जाधव, सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे, ही या जिल्ह्याचीच माती आहे. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जाऊन बघा, पोलीस भरतीच्या किती पोरी पळत असतात. पण पळणं वेगळं आणि पायाखाली बॉल ठेवून मान वर करून पळणं वेगळं. तो टच आठव्या-दहाव्या वर्षापासून लागतो, अठराव्या वर्षी आणता येत नाही. शाळांच्या सुब्रतो कप फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालच्या मुलींचा गट आहे, शाळा उतरतात पण बऱ्याच ठिकाणी खो-खोच्या आणि ॲथलेटिक्सच्याच पोरींना आठवडाभर आधी फुटबॉलचे शूज देऊन पाठवतात. म्हणून पहिली तीन-चार वर्षं सीनियर टीममध्ये मणिपूर, ओडिशा, हरियाणाच्या पोरी लागणारच, यात कमीपणा काही नाही, मात्र त्यांच्यासोबत रोज सरावाला नाशिकच्या सोळा-सतरा वर्षांच्या दहा जणी असल्याच पाहिजेत.

आणि आई-बाप. त्यांना आयडब्ल्यूएल माहीत नाही, त्यांना दहावीचे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण माहितीये. याला नाक मुरडणारे कोच मी बघितलेत, पोरी सर्टिफिकेटसाठी खेळतात म्हणतात. अहो मग कशासाठी खेळावं? वर्षाला ३.२ लाखांचा करार, तोही एका वर्षाचा, आणि दुसऱ्या बाजूला कॉन्स्टेबलची पेन्शनवाली नोकरी, कुठला बाप काय निवडेल सांगा. क्लबने याच्याशी भांडू नये, करारातच लिहावं की भरतीच्या परीक्षेला सुट्टी, कॉलेजच्या परीक्षेला सुट्टी, फी क्लब भरणार. ज्या पोरीचं शिक्षण चालू आहे तिच्या घरून फोन येऊन ती अचानक परत जात नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलतो. अमेरिकेच्या याच लीगमध्ये २०२१ ला कोच लोकांनी प्लेयरना कसा त्रास दिला ते बाहेर आलं, २०२२ च्या चौकशी अहवालात निघालं की तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या आणि वरचे लोक कोचला गुपचूप एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाऊ देत होते. आपल्याकडे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे सगळं कामाच्या ठिकाणात स्पष्ट धरलेलं आहे, दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर अंतर्गत समिती लागतेच, आणि १८ खालच्या मुली असल्या की पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहेच. समिती कागदावर नको, त्यातल्या बाहेरच्या सदस्य बाईंचा नंबर होस्टेलच्या दारामागे मोठ्या अक्षरात लावलेला हवा. प्रवासात महिला मॅनेजर कायम सोबत, कोचच्या खोलीत एकट्या प्लेयरची मीटिंग नाही, फिजिओ शक्यतो बाई. टीम काढणाऱ्याला हे जाचक वाटत असेल तर त्याने टीम काढू नये.

शरीराचा भाग पण तितकाच महत्त्वाचा. गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून जास्त दिसतं, आणि तुटला की ऑपरेशन करून परत यायला नऊ महिने, कधी वर्ष. कारणं बरीच सांगतात, कमरेपासून पायाची ठेवण, हार्मोन्स, पण आपल्याकडची ठळक कारणं म्हणजे लहानपणापासून ताकदीचा व्यायाम नाही, मुलांच्या मापाचे शूज आणि खडबडीत ग्राऊंड. फिफाचा ११+ नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, धावणं, उडी मारून गुडघा सरळ ठेवून उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, कुठलंही मशीन लागत नाही, आणि नियमित केला तर दुखापती खरंच कमी होतात. तो रोज करायचा, मॅचच्या दिवशीच नाही. हॉस्पिटलशी आधीच करार आणि विमा हवा, नाहीतर पोरगी पडते, ऑपरेशनचा खर्च बाप उचलतो आणि त्या गावातून पुन्हा कोणी पोरगी पाठवत नाही. जर्सी करताना पांढरी शॉर्ट टाळा, पाळीच्या दिवसांत खेळाडूचं अर्धं लक्ष तिकडे जातं, इंग्लंडच्या टीमने सुद्धा २०२३ ला याचसाठी पांढरी सोडून निळी शॉर्ट घेतली. आणि कोणी प्लेयर आई होणार असेल तर फिफाच्या नियमाने किमान १४ आठवड्यांची रजा आणि दोन तृतीयांश पगार द्यावा लागतो. हा नियम २०२१ पासून आहे.

ग्राऊंड. नाशिकला फुटबॉलचं हक्काचं, गवताचं, प्रेक्षक बसतील असं मैदान पक्कं करणं हे पैशाइतकंच डोकेदुखीचं काम आहे. १०५ बाय ६८ मीटरची जागा लागते, आणि आपल्याकडची मोठी मैदानं क्रिकेट, सभा, प्रदर्शनं आणि मॉर्निंग वॉकवाले यांच्यात आधीच वाटली गेलीत. पंचवटीतलं मीनाताई ठाकरे स्टेडियम, शाळा-कॉलेजची ग्राऊंड, भोसलाचं, देवळालीकडची, यांच्याशी आधी लेखी बोलणी करा, तोंडी नको, कारण तोंडी ठरलेल्या ग्राऊंडवर मॅचच्या सकाळी लग्नाचा मंडप उभा असतो. एक मॅच डे जवळून बघा मग कळेल. पहाटे फक्की मारायला माणूस, फक्की ओली असली तर रेषा तुटक येते, रेफ्री परत मारायला लावतो. जाळी मागून नीट बांधलेली नसली तर गोल झाला की नाही यावर भांडणं. ॲम्ब्युलन्स गेटजवळ, तिच्यासमोर कोणाची तरी फॉर्च्युनर लावलेली, ती काढायला माणूस शोधायचा. चेंजिंग रूमला आतून कडी हवी, चालू नळ, आरसा आणि कचऱ्याचा झाकणवाला डबा, या चार गोष्टी मी महाराष्ट्रातल्या बऱ्याच ग्राऊंडवर एकत्र बघितलेल्या नाहीत. फ्लडलाइट नसले तर हट्ट करू नका, नाशिकची थंडीतली दुपार फुटबॉलला मस्त असते, रविवारी चारची मॅच ठेवा, सहापर्यंत संपते, सिटीलिंकच्या बसने लोक घरी पोचतात, आणि पोरींना मॅच बघायला पाठवणाऱ्या घरांना पण अंधाराचं टेन्शन नाही.

अजून एक अगदी नाशिकची गोष्ट, २०२७ ला सिंहस्थ आहे. त्या वर्षी शहरातली मोकळी जागा, हॉटेल, होस्टेल, पोलीस बंदोबस्त, महापालिकेचं लक्ष, सगळं कुंभाला जाणार, आणि स्पॉन्सरचा पैसा पण तिकडे. म्हणून सीनियर टीमचं मोठं लॉन्चिंग त्या वर्षी करू नका, तोवर १३ आणि १७ खालच्या टीम चालवा आणि विफाच्या स्पर्धा खेळा.

आता सपोर्ट कसा करायचा, कारण वाचणाऱ्यातले बहुतेक जण टीम काढणार नाहीत, बघायला येणार. पोरींचा फुटबॉल कोणी बघत नाही हे तर आधी डोक्यातून काढा. इंग्लंडमध्ये १९२० च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या महिला टीमची मॅच बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फेडरेशनने आपल्या मैदानांवर महिलांना बंदी घातली आणि ती पन्नासेक वर्षं चालली. गर्दी नव्हती म्हणून खेळ मेला नाही, गर्दी होती आणि दार लावलं. आणि दार उघडल्यावर? २०२२ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या महिला टीमला कॅम्प नोऊवर ९१,६४८ लोक होते.

क्लबला सगळ्यात उपयोगी पडतो तो सीझन सुरू व्हायच्या आधी पास घेणारा माणूस. ऐनवेळी येणारे तीन हजार लोक छान दिसतात पण त्यांच्यावर बजेट आखता येत नाही. आधी हजार रुपये देणारे दोन हजार नाशिककर मिळाले तर २० लाख जुलैमध्येच हातात, म्हणजे होस्टेलच्या जेवणाचा प्रश्न जवळपास मिटला, आणि मग स्पॉन्सरकडे जाताना पण आपल्या हातात दोन हजार नावं असतात. फुकट पास वाटू नका, नगरसेवकाच्या ऑफिसमधून वाटलेले पास ड्रॉवरमध्येच राहतात. शाळेच्या पोरींना २० रुपये लावा पण लावा. ढोल आणाच, नाशिक ढोलशिवाय नाशिकची टीम कसली, फक्त रेफ्रीची शिट्टी ऐकू येईल एवढी कृपा करा. यूट्यूबवर मॅच दाखवायची तर कॅमेरा उंचावर आणि हलणार नाही असा, आणि कॉमेंट्री मराठीत, अशा माणसाकडून ज्याला प्लेयरची नावं पाठ आहेत. मणिपूरच्या पोरीला ‘ती चिंकी’ म्हणणारा शेजारी बसला असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करणं हा पण सपोर्टच आहे. आणि हरल्यावर या. नव्या टीमचा पहिला सीझन बहुतेक वेळा मार खाण्यात जातो, चारने पाचने हरतात, त्या आठवड्यानंतरच्या मॅचला किती लोक येतात यावरून मला क्लबचं वय कळतं.

आपल्या हातात नसलेल्या गोष्टी पण होतात. केरळची गोकुलम, तोवर सलग दोनदा देशाची चॅम्पियन झालेली टीम, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानला पोचली, आणि त्याच वेळी फिफाने भारतीय फेडरेशनला सस्पेंड केलं, कारण फेडरेशनच्या कारभारातली भानगड. पोरी ताश्कंदच्या हॉटेलमध्ये बसून राहिल्या आणि न खेळता परत आल्या, सस्पेन्शन २६ ऑगस्टला उठलं पण तोवर उशीर झाला होता. यात क्लबची काडीचीही चूक नव्हती. अशा वेळी क्लबकडे सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवलेले हवेत, वेगळ्या खात्यात, आणि त्याला सही करायला दोन माणसं, त्यातलं एक मालकाच्या घरातलं नको.

तर कोणी खरंच मनावर घेत असेल तर माझा क्रम असा, आधी ग्राऊंडचा लेखी करार आणि होस्टेल, मग १३ खालच्या पोरींची बॅच आणि त्यांच्यासाठी चांगला कोच, मग विफाची लीग, मग दोन हजार पास, आणि मग सीनियर टीमचे करार, तेही बारा महिन्यांचे. जर्सीचा रंग शेवटी ठरवा, त्यावर ग्रुपमध्ये भांडणं करायला तोवर भरपूर वेळ आहे.